पूर्वीचा धर्म

पास्टर हॉचकिस आमच्या बैठकीत बसला, वेलदोडा घातलेली कॉफी प्यायला, भिंतीवरच्या मरियमेच्या तसबिरीकडे बघून खुशीत मान डोलावली आणि मग त्याने तोंड उघडलं.

"तर मग तुमचं घराणं ख्रिस्ती कधी झालं?"

आला! मी मनात म्हटलं, आला एकदाचा. हा प्रश्न विचारल्याशिवाय या परदेशी यात्रेकरूंपैकी एकही माणूस आमच्या बेत साहूर गावातून परत गेल्याचं मला आठवत नाही. मेंढपाळांचं शेत आमच्या घरापासून चालत दहा मिनिटं, बेथलेहेम वरच्या अंगाला. दोन्हीकडे टोप्या घालून फोटो काढतात, मातीच्या पुड्या बांधून घेतात, आणि मग आम्हालाच विचारतात की बाबांनो, तुम्हाला येशूचं नाव कुणी सांगितलं.

"तारीख नक्की नाही सांगता येणार," मी म्हटलं. "येशू जन्मला म्हणून मेंढपाळ ओरडत वर आले तेव्हा आमची म्हातारी भट्टीवर भाकरी भाजत होती म्हणतात. त्याच आठवड्यात कधीतरी झालो असू."

पास्टरने वहीत काहीतरी लिहिलं. "अच्छा. म्हणजे कुठल्या मिशनमार्फत?"

आता याला काय म्हणावं? मी चौतीस वर्षं गावच्या शाळेत इतिहास शिकवला. मठ्ठातली मठ्ठ पोरं पाहिली, पण इतकं सरळ चेहऱ्याने विचारणारं एकही नव्हतं. मी पुढे बोलणार तेवढ्यात माझ्या धाकट्या भावाने, शुक्रीने, टेबलाखाली माझ्या पायावर पाय दिला. शुक्रीचं ऑलिव्हच्या लाकडाच्या मूर्तींचं दुकान आहे. गिऱ्हाईक म्हणेल ते खरं, ही त्याची सवय.

"बहिणीला थट्टेची खोड आहे," तो म्हणाला. "पास्टर, खरं सांगू का? आम्ही मुळात अरब नाहीच. आमचा मूळपुरुष फ्रान्सहून क्रूसेडमध्ये आलेला सरदार. हे डोळे बघा."

घारे डोळे! या दोन घाऱ्या डोळ्यांवर माझ्या भावाने घोडा, ढाल, तलवार, सगळं उभं केलंय. दुकानाच्या पाटीवर सिंहसुद्धा रंगवून घेतलाय. आमच्या शेजारच्या अबू रजबचे डोळे शुक्रीपेक्षा घारे आहेत. पण अबू रजब मुसलमान, म्हणून त्याला कुणी सरदार करत नाही.

पास्टरचा चेहरा मात्र पडला. त्याने पिशवीतून अर्ज काढला आणि तिसऱ्या रकान्यावर बोट ठेवलं. तिथे लिहिलं होतं: पूर्वीचा धर्म. "हे बघा," तो समजुतीने म्हणाला, "तुमच्या मुलीने मागितलेली आमच्या कॉलेजातली ही जागा अंधारातून उजेडात आलेल्यांसाठी आहे. सरदारांचे वंशज असाल तर आनंद आहे, पण मग हा रकाना रिकामा राहतो."

मग त्याने मला माझाच इतिहास शिकवायला घेतला. अरब म्हणजे इश्माएलची लेकरं. सातव्या शतकात उंटांवर बसून वाळवंटातून आली, तोवर इथे त्यांचं कुणी नव्हतं. अरब म्हणजे मुसलमान, आणि ख्रिस्ती अरब म्हणजे कुणीतरी मधल्या काळात पटवलेला मुसलमान. हे सगळं त्याने हाताने उंटाची मदार दाखवत सांगितलं.

"पास्टर," मी म्हटलं, "पवित्र आत्मा उतरला त्या दिवशी यरुशलेमच्या गर्दीत अरब होते. तुम्ही दर रविवारी हातात धरता त्या पुस्तकातच ते लिहिलंय. माझ्या बापाची भावकी दक्षिणेकडच्या अरब मुलखातल्या नजरानकडून आली असं आमचे म्हातारे सांगायचे. खरं-खोटं देव जाणे, पण आले ते क्रूस घेऊन आणि अरबी बोलत आले. आईची माणसं कुठून आलीच नाहीत, ती इथेच होती. आधी अरामी बोलत, मग देवळात ग्रीक, मग अरबी. भाषा आल्या आणि गेल्या, आमची ऑलिव्हची झाडं जागची हलली नाहीत. आणि शेजारचे मुसलमानही बहुतेक त्याच झाडांखालचे. कुणा आजोबाने एका शतकात धर्म बदलला, कुणी नाही बदलला, एवढाच फरक."

"हे तुमचं मत झालं," पास्टर गोड हसला.

तळपायाची आग मस्तकात गेली. पण तेवढ्यात शुक्रीने घसा खाकरला.

"आता आठवलं," तो म्हणाला. "आईकडून ऐकलं होतं. आमचे आजोबा मुळात मुसलमान होते."

कॉफीचा एक कप संपायच्या आत माझा भाऊ सरदाराचा मुसलमान झाला! आणि चेहऱ्यावर लाज म्हणाल तर नावाला नाही. पास्टरचे डोळे चमकले. रविवारी चर्चच्या सभागृहात त्यांच्या चाळीस यात्रेकरूंचं जेवण होतं. मुलीने तिथे उभं राहून ही साक्ष द्यावी, म्हणाला, आणि तिथेच जागेचा निकाल लागेल.

मुलगी म्हणजे शुक्रीची हिलाना, वय एकोणीस. ती सगळा वेळ दाराशी टेकून उभी होती. पास्टर गेल्यावर मी शुक्रीला सोडला नाही.

"मेल्या, आईला मध्ये ओढलंस? ती बिचारी कबरीत उठून बसली असेल."

"तुझं खरं तुझ्यापाशी ठेव," तो उसळला. "तुझ्या इतिहासाने कुणाचं काय भलं झालं ते सांग. पोरीला जागा मिळेल का तुझ्या इतिहासाने?"

हिलाना मला गच्चीवर घेऊन गेली. तिला कृत्रिम हातपाय बनवायचं शिकायचं होतं. हा तिचा लहानपणचा हट्ट. इथे दोन वर्षं दोन ठिकाणी अर्ज करून ती हात हलवत परत आली होती. शुक्रीच्या दुकानात मदत करताना करवतीवर अबू रजबची दोन बोटं गेली, तेव्हा ती सोळा वर्षांची. तिने त्याला ऑलिव्हच्या लाकडाची दोन बोटं कोरून चामड्याच्या पट्ट्याने बांधून दिली, त्याच हाताने तो अजून झारा धरतो. कुणी शिकवलं नव्हतं. आमच्या भागात हातपाय गेलेली माणसं काही कमी नाहीत, आणि त्यांना मोजून बनवून देणारी माणसं मात्र फार थोडी.

"आत्या, मला माहितीये ते खोटं आहे," ती म्हणाली. "मला शिसारी येतेय. पण पाच मिनिटं खोटं बोलायचं आणि मग जन्मभर खरं काम करायचं, असं नाही का होऊ शकत?"

"आणि ते कोण गं, आपल्याकडे आपल्याच जन्माचा दाखला मागणारे?"

"कोणी का असेनात. तू फक्त रविवारी तोंड उघडू नकोस. एवढंच कर माझ्यासाठी."

मला मूलबाळ नाही. हिलानाला मी न्हाऊ घातलंय, अक्षरं गिरवायला शिकवलंय. मी हो म्हटलं. आणि शिवाय भाषांतरालाही मीच होते, कारण गावात माझं इंग्रजी सगळ्यात बरं. म्हणजे तोंड तर उघडायचं होतं, पण दुसऱ्यांच्या बोलण्यापुरतं.

रविवारी दुपारी सभागृह भरलं. स्वयंपाक अबू रजबचा. आमच्या गावात ख्रिस्त्यांचं लग्न असो की बारसं की मयत, मोठं पातेलं अबू रजबच चढवतो. त्याचा बापही हेच करायचा. त्याने मकलूबाचं पातेलं परातीत उलटं केलं, भात, वांगी आणि मटणाचा डोंगर सरळ उभा राहिला आणि यात्रेकरूंनी टाळ्या वाजवल्या. अबू रजबने लाजून मान खाली घातली.

जेवणाआधी पास्टर मला म्हणाला, "तुमच्या भाषेत प्रार्थना म्हणा ना, ऐकू या." मी म्हटली, रोज म्हणते तशीच. त्यांच्या कमिटीत मिसेस प्रूइट नावाची एक वाळकी बाई होती, अर्जावर सही तिची लागणार होती. तिने प्रार्थनेत 'अल्ला' ऐकलं आणि हातातला काटा खाली ठेवला.

"यांनी आत्ता काय म्हटलं?"

"देव म्हटलं," मी म्हणाले. "आमच्याकडे देवाला हेच म्हणतात. मोहम्मदांच्या आधीपासून म्हणतात, आमच्या देवळातही म्हणतात. दुसरा शब्द आमच्यापाशी नाही, तुम्ही येताना आणला असलात तर द्या."

मला वाटलं काय जिरवली! डोंबल जिरवली. त्या बाईच्या मनात तिथेच संशय शिरला आणि त्याचं सगळं ओझं हिलानावर पडलं. हे मला नंतर कळलं. त्या क्षणी मी आपली ऐटीत भात वाढून घेत होते.

जेवण झाल्यावर हिलाना पुढे उभी राहिली. शुक्रीने लिहून दिलेलं तिने पाठ केलं होतं. पणजोबा मुसलमान, त्यांना स्वप्नात उजेड दिसला, ते चर्चकडे पळाले, सख्खे भाऊ सुऱ्या घेऊन मागे धावले, दाराशी गाठलं, पण पाद्र्याने आत ओढून घेतलं. ती एका सुरात, जमिनीकडे बघत बोलत होती. यात्रेकरूंना वाटलं, गहिवरलीये. निम्म्या बायका रडायला लागल्या. समोरची एक बाई तर रुमाल भिजवून बसली. आमच्या खऱ्या दुःखांवर इतकं पाणी कुणी काढलेलं मी पाहिलेलं नाही. सकाळी हेच लोक आमच्या गावांना कापत जाणाऱ्या उंच भिंतीच्या कडेने बसमधून आले होते आणि तेव्हा सगळे मोबाइलमध्ये होते.

"एक प्रश्न," मिसेस प्रूइट म्हणाली. "मागच्या वर्षी दुसऱ्या एका देशात एका मुलाने अशीच गोष्ट रचून आमची जागा घेतली. म्हणून विचारते. त्या भावांची माणसं इथे आहेत का अजून? घराण्याचं नाव काय? नाव सांग, मी आत्ता सही करते."

शुक्रीने सुरी लिहिली होती, पण सुरीवाला लिहिला नव्हता.

आणि नाव कुणाचं सांगणार? आमच्याकडे नाव हवेत फेकायची गोष्ट नाही. कुणाच्या आजोबाने भावावर सुरी उगारली असं चारचौघात म्हणा, संध्याकाळी त्यांचे वडीलधारे दारात येतात. कॉफी समोर ठेवतात आणि न पिता बसून राहतात. माफी मागेपर्यंत कप उचलत नाहीत. दोन घरांचं बोलणं दोन पिढ्या बंद झालेलं मी पाहिलंय.

हिलानाने माझ्याकडे बघितलं. शुक्री तर घामाने निथळत होता, मघाचा सरदार कुठे गेला कोण जाणे. मी मूग गिळून बसले होते, आणि कबूलही तेच केलं होतं.

अबू रजब स्वयंपाकघराच्या दारात झारा घेऊन उभा होता. इंग्रजी त्याला राइस, सॅलड आणि थँक्यू यापलीकडे येत नाही. पण सभागृहात काहीतरी अडलंय, हे त्याला दिसलं.

"काय झालं, बाई?" त्याने मला अरबीत विचारलं. "पोर अशी का उभी आहे?"

मी दोन वाक्यांत सांगितलं. सांगायला नको होतं, पण सांगितलं. त्याने ऐकून घेतलं, एप्रनला हात पुसला आणि सरळ पुढे हिलानाच्या शेजारी येऊन उभा राहिला.

"सांगा त्यांना, माझा आजोबा होता म्हणावं."

"अबू रजब, वेड लागलंय का तुम्हाला?"

"माझा आजोबा मरून चाळीस वर्षं झाली, त्याला काय फरक पडतो? पोरीकडे बघा, बाई."

"काय म्हणतोय तो?" पास्टरने विचारलं. सगळं सभागृह माझ्याकडे बघत होतं.

मी पोरीकडे बघितलं. तिने मानेने नाही म्हटलं असतं तर मी बोलले नसते, शपथेवर सांगते. पण तिने नाही म्हटलं नाही. तिने डोळे मिटून घेतले.

"ते म्हणताहेत," मी चांगल्या स्वच्छ इंग्रजीत म्हटलं, "ती सुरी त्यांच्या आजोबांच्या हातात होती."

सभागृहात एकच हाय उमटली. पहिल्या रांगेतल्या रुमालवाल्या बाईने आपली ताटली हळूच पुढे सरकवली, अर्धं मटण उरलेली. कुणी तरी मोबाइल वर धरला आणि विचारलं, तो सुरी हातात घेऊन उभा राहील का, फोटोसाठी? अबू रजब आत जाऊन कांद्याची सुरी घेऊन आला. त्याला वाटलं, काही कापायचं असेल. पास्टरने त्याला मिठी मारली, डोक्यावर हात ठेवला आणि त्याच्या आजोबाच्या पापाची क्षमा मागायला सुरुवात केली. अबू रजब मान झुकवून उभा, एका हातात झारा, एका हातात सुरी. पास्टर आमेन म्हणाला तेव्हा भलेपणाने तोही आमेन म्हणाला.

मिसेस प्रूइटने पेनाचं टोपण काढलं, अर्ज पुढे ओढला आणि थांबली.

"एवढंच लिहायचं राहिलं. या माणसाचे लोक मूळचे कुठले?"

आता इथे मला कुणी काही सांगितलेलं नव्हतं. अबू रजबला प्रश्न कळला नव्हता, हिलानाचे डोळे मिटलेले होते. खरं उत्तर जिभेवर होतं. याच टेकडीवरचे, म्हणायचं. याच्या पणज्याने खणलेल्या विहिरीचं पाणी तुम्ही आत्ता प्यायलात, म्हणायचं. चौतीस वर्षं मी पोरांकडून हे घोकून घेतलंय, चुकलं की पट्टी मारलीये. पण त्या बाईच्या डोक्यात काय आहे हे मला दिसत होतं. तिला हवं ते सोडून दुसरं काही सांगितलं, तर पेनाला टोपण लागणार होतं, एवढं कळत होतं.

"वाळवंटातून आले," मी म्हटलं. "उंटांवर बसून."

तिने ते लिहिलं आणि खाली सही केली. टाळ्या झाल्या. शुक्री रडत हिलानाच्या गळ्यात पडला. हिलानाने टेबलावरून कागद उचलला, दोन्ही हातांनी धरला आणि अबू रजबकडे न बघता बाहेर निघून गेली. तिला मी दोष देत नाही. मला आठवड्यापूर्वी कुणी विचारलं असतं, खोटं बोलणाऱ्यांत सगळ्यात हलकं कोण, तर मी शुक्रीचं नाव घेतलं असतं. तो बिचारा निदान खोटं बोलताना घामाघूम होतो. माझा उच्चारसुद्धा चुकला नाही.

बस गेल्यावर मी स्वयंपाकघरात गेले. अबू रजब पातेल्याच्या बुडाचा भात खरवडत होता. मी बाही वर करून ताटल्या विसळायला घेतल्या.

"मिळाली ना जागा?" त्याने विचारलं.

"मिळाली."

"झालं तर. शिकून येऊ दे." तो हसला. "माझा आजोबा आणि सुरी! कोंबडी कापायची वेळ आली की तुमच्या बापाला हाक मारायचा तो. स्वतः अंगणात तोंड फिरवून उभा राहायचा. रजबला सांगीन तेव्हा हसून हसून मरेल."

"अबू रजब, मला माफ करा."

"अहो बाई, मीच पुढे आलो, तुम्ही काय केलंत? मी म्हटलं तेच तुम्ही बोललात." त्याने पातेलं आडवं केलं. "पण ती वाळकी बाई शेवटी काय विचारत होती? तुम्ही काहीतरी म्हणालात आणि तिने लगेच सही केली."

तिथेही खोटं बोलता आलं असतं. पण एका दिवसात किती बोलायचं?

"तुमचे लोक कुठले, असं विचारलं."

"मग?"

"वाळवंटातून आले, असं सांगितलं."

त्याचा हात थांबला. नळ चालू होता, तो त्याने बंद केला. त्या खिडकीतून त्याच्या घराची गच्ची दिसते, आणि गच्चीपलीकडे आमच्या दोघांच्या बांधावरची ऑलिव्हची झाडं. त्याने एकदा तिकडे बघितलं.

"सुरी मी दिली होती, बाई," तो म्हणाला. "हे मी दिलं नव्हतं."